तळाशी की वर

मिस्टर ऑक्टरलोनी डबी काखेत धरून आले,
दोन स्वेटरांच्या आत.
बर्फामुळे बस अडली, म्हणून उतरून चालत सुटले.
मी पत्रकावर वेळ टाकते : आठ बारा.
डंडीत अजून अंधार आहे.
यांच्या आडनावातच लोणी, मी मनात म्हणते,
आणि घुसळायला मी.
असल्या विनोदाला इथे गिऱ्हाईक नाही.

डबीतलं निवळायला अर्धा तास जातो.
मग त्याचे दोन वाटे.
सहा महिने हाच अभ्यास :
शुक्राणू निवडायची कुठली रीत बरी.

पहिली नळी निमुळती.
खाली दाट थर, त्यावर पातळ,
थर मोडू नये म्हणून मी श्वासही जपून घेते,
आणि सगळ्यांत वर हा वाटा.
वीस मिनिटं गरगर.
मेलेले, दुशेपटी, वाकड्या डोक्याचे
अधेमध्ये अडकतात.
जे भरीव, ते तळ गाठतात.

दुसरी यंत्रात जात नाही.
वरून पोषकद्रव सोडायचा, हलकेच, भिंतीभिंतीने.
नळी कलती ठेवायची, सदतीस अंशांवर,
आणि तासभर काही म्हणजे काही करायचं नाही.
ज्याला यायचं तो पोहत वर येतो.

एकीत चांगले तळाशी, दुसरीत चांगले वर.
अण्णा गल्ल्यावर बसल्या बसल्या हसले असते.
चाळीसगावच्या दुकानात खिळ्याला तीन चाळण्या,
एक सूप,
आणि एका कामाला पाच क्रियापदं :
पाखडणं, आसडणं, घोळणं, चाळणं, वेचणं.
तुरीला हे, तांदळाला ते.
सगळ्याला एकच रीत लावणारा वाणी बुडतो, म्हणायचे.
ते स्वतः बुडाले उधारीने.

काचेवरच्या चौकटीत मोजते.
अंगठ्याखाली टिकटिक.
पहिल्या नळीत चाळीस लाख, शेकडा बासष्ट पळणारे.
दुसरीत नऊ लाख, पण शेकडा एक्क्याण्णव,
आणि काय पळतात!
गरगरीत आतले धागे तुटतात, असंही म्हणतात.
म्हणतात.
मागच्या मंगळवारी कंपनीचा माणूस एक चिप दाखवून गेला,
नखाएवढी,
ना गरगर, ना वाट बघणं.
किंमत ऐकून एल्स्पेथ चहा ठेवायला उठली.

'मग, कुठली?' ती आता विचारते.
एकशे अठरा जोडप्यांचा तक्ता समोर.
एका रकान्यात ही पुढे, दुसऱ्यात ती,
शेवटच्या रकान्यात, जिथे मूल लिहायचं,
तिथे दोघींत फरक म्हणावा असा नाही.

मिस्टर ऑक्टरलोनी अजून बाकावर.
बुटांखाली पाण्याचं थारोळं.
मी दार उघडलं तसे उठले, टोपी काढली,
आणि भलतंच विचारलं :
'जे निवडले जात नाहीत, त्यांचं काय करता?'
पिवळा डबा, मी म्हटलं. खोटं कशाला बोला.
'बिचारी पोरं,' म्हणाले,
आणि आपल्याच शब्दाला दचकले.

अण्णा कण्या टाकत नसत.
त्यांचं पोतं वेगळं, भाव निम्मा,
दिवेलागणीला बायका त्याच मागायला येत.
आमच्याही घरी रात्री कण्याच असत, ताकात.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
इंग्रजीत ते फार लांबलं असतं.

मोजणी संपली की भांडण मिटतं :
दोन्ही वाटे एकाच सिरिंजमध्ये.
तळाचे, वरचे, शेजारी शेजारी,
मी नाव वाचते, एल्स्पेथ नाव वाचते,
आणि तिसऱ्या मजल्यावर मॉर्व्हेन, त्यांची बायको,
स्वतःचं नाव मोठ्याने सांगते.

ते लिफ्टकडे निघाले.
टोपी एका हातात,
दुसरा अजून काखेशी घट्ट,
आत काहीतरी गरम ठेवायचं असल्यासारखा.